पाठ फिरवून बसलेल्या दोघी

देवास, आश्विन शुद्ध अष्टमी, शके १८२९

आज कीर्तनात बुवांनी पुन्हा तीच कथा लावली. टेकडीवरच्या दोघी माता सख्ख्या बहिणी, भांडल्या, म्हणून पाठ फिरवून बसल्या. "देवी झाली तरी बाईची जात!" सगळे हसले. सासूबाई सगळ्यांत मोठ्यानं.

देव लढले तर लीला. देवी रुसल्या की बाईची जात. हे भांडण पाहिलं कुणी? गाव तर दोन राजे भावांनी वाटून घेतलं, थोरली पाती नि धाकटी पाती. घरी तसं म्हटलं, तर मामंजी म्हणाले, "सूनबाई, दरबारच्या गोष्टी बायकांनी बोलू नयेत."

माझी धाकटी बहीण रस्त्यापलीकडे, धाकट्या पातीत दिलेली. मामंजींचं नि तिच्या सासऱ्यांचं मानपानावरून बिनसलं, तेव्हापासून आमचं बोलणं बंद. आज कीर्तनात ती जवळच बसली होती. दोन्हीकडची माणसं बघत होती, म्हणून दोघींनी पाठ फिरवली. मागून कुणीतरी कुजबुजलं, "देखो, सगी बहनें हैं!"

टेकडीवरच्या त्या दोघींवर कोण नजर ठेवून होतं, ते बुवा कधी सांगत नाहीत.