एक नंबरची ओळ

१२ जानेवारी, सोमवार

अर्ज परत आला. तिसऱ्यांदा.

नोंदणी कार्यालयाच्या खिडकीवरचा कारकून माणूस वाईट नाही. त्याने कागद उलटा धरला, सुलटा धरला, मग मान वाकडी करून पाहिला. "बाई, ह्या सह्या गोल का केल्यात?"

काय सांगणार? आमच्या लाँड्रीतल्या त्रेपन्न जणींनी ठरवून गोलात सह्या केल्या, म्हणजे कागद मालकाच्या हाती लागला तरी पहिली कोण ते कळू नये. ताट उपडं ठेवून रेघ मारली होती. केवढं कौतुक होतं आम्हाला आमच्या अकलेचं!

"संघटनेची नोंदणी हवी तर नावं क्रमाने हवीत," तो म्हणाला. "एक नंबरची बाई ती अर्जदार. आणि ती कामावर असायला हवी. नसली तर अर्ज बाद."

तीन वर्षं झाली. अडलं कुठे, तर गोलावर.

१३ जानेवारी

जाऊबाईंना सांगितलं. आम्ही दोघी चादरींच्या घड्या घालतो. दोन टोकं त्यांच्याकडे, दोन माझ्याकडे. जवळ येतो, टोकं जुळवतो, पुन्हा लांब जातो. बोलणं होतं ते टोकं जुळताना. घरी दोघींच्या खोल्या शेजारीशेजारी, पण चूल वेगळी झाल्यापासून तिथे कामापुरतंच.

"मग आता?" — पहिल्या घडीला.

"नवी यादी. क्रमाने."

लांब गेल्या. परत आल्या. "आणि एक नंबरला कोण? तूच ना, पुढारीण?"

माझ्या हातून टोक सुटलं. चादर फरशीवर. मुकादमाने शिट्टी मारली. धुतलेली चादर पुन्हा धुवायला गेली.

१९ जानेवारी

यादी फिरतेय, जेवणाच्या डब्यातून. पहिल्या बाईने दोन नंबरवर सही केली. का, ते कुणी विचारलं नाही. मग तीन, चार, पाच. वरची ओळ मोकळीच.

मी चौदावर केली. निवडून. फार वर नको, अगदी खाली गेल्यासारखंही दिसायला नको.

तीन वर्षं कागद मी वागवला. बायकांना धीर धरा, धीर धरा म्हणून मीच सांगत होते. आणि सही चौदावर.

२७ जानेवारी

ह्यांचा कारखाना बंद पडून सव्वा वर्ष झालं. घरचा स्वयंपाक हेच करतात. आज ताट पुढे सरकवून म्हणाले, "मीठ कमी वाटलं तर गप्प खायचं. इथेही संघटनेला मान्यता नाही."

हसले. बऱ्याच दिवसांनी. पण घरात पगार येतो तो एकटा माझा. हे त्यांनाही माहीत आहे, म्हणून तर विनोद करतात.

मुलीच्या चष्म्याचा नंबर वाढलाय. ती बोलली नाही, तिच्या वर्गाच्या बाईंनी सांगितलं — मागच्या बाकावरून आपणहून पहिल्या बाकावर आली म्हणे. विचारलं तर म्हणते, "पुढून छान ऐकू येतं."

४ फेब्रुवारी

इस्त्रीवर काम करणाऱ्या आमच्या आक्कांचा उजवा हात रोलरवर भाजला. मनगटापासून कोपरापर्यंत. मुकादम म्हणाला, "गार पाणी लावा आणि उद्या वेळेवर या."

भाजलं तर औषध. जेवायला वीस मिनिटं, बसून. कायद्याने ठरलेला पगार. एवढंच तर मागायचंय. पण एकटीने मागितलं तर ती कटकट, आणि संघटनेने मागितलं तर मागणी.

आक्कांनी डाव्या हाताने सही केली. "वाकडी आली गं. चालेल ना?"

११ फेब्रुवारी

थकले.

१६ फेब्रुवारी

जाऊबाईंनी सगळ्यात शेवटी सही केली. पेन परत देताना म्हणाल्या, "बायका त्रेपन्न आणि शेवटचा नंबर चोपन्न. कसं काय, पुढारीण?"

रागाने म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं.

२३ फेब्रुवारी

दिला अर्ज. खिडकीवरचं पेन दोरीला बांधलेलं, दोरी आखूड. वाकून चौदावरची सही खोडली आणि एकवर केली. कारकुनाने पाहिलं. "खाडाखोड एकच आहे. चालेल." शिक्का मारला.

घरी येऊन ह्यांना सांगितलं. कणीक मळत होते. मळतच राहिले. मग म्हणाले, "पोरीचा चष्मा ह्याच आठवड्यात करून टाकू. पगार आहे तोवर."

ह्या माणसाशी भांडायलाही जागा नसते कधीकधी.

६ मार्च

कार्यालयाची नोटीस मालकाला गेली, सोबत यादी. सकाळी फाटकावरच माझं कार्ड काढून घेतलं. मुकादम माझ्याकडे न बघता म्हणाला, "आजपासून यायचं नाही."

दारातून आतलं दिसत होतं. जाऊबाई चादरीची दोन टोकं धरून उभ्या होत्या. समोर कुणी नाही. त्यांनी मान वर केली नाही.

तशीच कार्यालयात गेले. कारकून म्हणाला, "अर्जदार कामावर नाही. अर्ज बाद. नवा करावा लागेल." आवाज खाली आणून म्हणाला. म्हटलं ना, माणूस वाईट नाही.

चालत घरी आले. अकरा वाजले होते. ह्या वेळेला आमच्या खोलीत ऊन कुठे येतं, ते मला ठाऊकच नव्हतं.

९ मार्च

सकाळी जाऊबाई दारात. चूल वेगळी झाल्यापासून पहिल्यांदा उंबरा ओलांडला. हातात नवा कागद. एकवर त्यांची सही. दोनवर आक्कांची, डाव्या हाताची, वाकडी.

"मला काढलं की आक्का. आक्कांना काढलं की तिसरी. बघू, चादरी धुवायला कोण उरतंय." मग पदर सारखा करत, "तू नेऊन दे. तुला आता वेळच वेळ आहे."

त्या कामाला गेल्यावर यादी नीट पाहिली. चौदा नंबरची ओळ मोकळी सोडलीय.