बटईची पिल्लं

माय,

कागद हाती घेतला तर पहिल्यांदा तुझं बोलणंच आठवलं. तिसरीपर्यंत शिकली अन् अक्षर कोंबडीनं उकिरडा उकरल्यासारखं, म्हणायचीस. तेच अक्षर आहे अजून. नातीच्या जुन्या वहीच्या मागच्या पानांवर लिहून राहिली आहे. घरात सगळ्यांना वाटते म्हातारी किराण्याची यादी करते. वाटू दे.

इकडं छत्तीसगढात, गुढियारीच्या या घरी येऊन मले चाळीस वर्षं झाली, अन् एक दिवस आंगण कोंबडीबिगर राहिलं नाही. यंदा हिवाळ्यात मात्र मरी आली. सकाळी धडधाकट कोंबडी, संध्याकाळी मान वाकडी. चार दिवसांत सगळ्या गेल्या, कोंबडाही गेला. उरली एक काळी, माझ्यासारखीच, यमाले नको असलेली. त्याच आठवड्यात तुझ्या नातवानं टेप आणून खुराड्याची जागा मोजली. "आई, अब बस करो. इधर स्कूटी खड़ी हो जाएगी. अंडा तो दुकान में मिलता है." मी म्हटलं, दुकानात आईही मिळत असेल, घेऊन ये एक, कमी बोलणारी. सून तोंड फिरवून हसली. पण पोरगा हसला नाही, अन् मले समजलं की यंदा पिल्लं निघाली नाहीत तर काळीही जाईल अन् तिच्यामागं खुराडाही.

मग फागुनात काळी खुडूक बसली. रिकाम्या टोपलीत अंग फुगवून, हात नेला की चोच. तिनं अंडी घातली होती, पण कोंबड्याबिगरची अंडी म्हणजे कोरी. एकवीस दिवस काय, एकवीस वर्षं ऊब दिली तरी आत काही धरत नाही. कोंबडा होता भिंतीपलीकडच्या बाईकडे. इथलीच, छत्तीसगढी, मले दीदी म्हणते, तोंडानं माझ्याहून कमी नाही. तिच्याकडे पाच कोंबड्या अन् एक लाल कोंबडा, पण खुडूक एकही नाही. माझ्याकडे खुडूक, पण धरणारी अंडी नाहीत. बटई करायले याच्याहून चांगला मेळ कुठं असते? पण बटईचं नाव काढलं की मले तू आठवतेस, दारात कमरेवर हात ठेवून उभी असलेली.

रेल्वे क्वार्टरच्या मागं, हातपंपाजवळ आपला खुराडा होता. कोंबडी तुझी, अंडी बाजूच्या काकूची, पिल्लं अर्धी-अर्धी. नियम तूच मले पाठ करून घेतला होता: बटईत पिल्लू मरते, घार नेते, मांजर नेते, त्याची तक्रार नाही, पण मेलं तर त्याच दिवशी दुसरीले दाखवायचं. दाखवलं तर दोघींचं गेलं, लपवलं तर चोरी झाली. पिल्लं निघाली त्या दिवशी तू मालधक्क्यावर कामाले गेली होतीस. दुपारी काकू येऊन टोपलीत पाहून गेली. संध्याकाळी तू येऊन मोजली. दोन महिन्यांनी वाटणीच्या दिवशी काकू म्हणाली नऊ होती, तू म्हणाली आठ. आवाज चढले, क्वार्टरच्या बाया जमल्या. काकू म्हणाली, "एक कापून खाल्लं तर खाल्लं म्हण, बाई." तू मले हाताले धरून सगळ्यांच्या मधात उभी केली. "माझी पोट्टी खोटं बोलत नाही. इचारा हिले." मी म्हटलं, आठ.

त्यानंतर तुम्ही दोघी बोलल्या नाहीत. ज्या काकूनं माझ्या डोक्यातल्या उवा काढल्या, तू तापात पडली तेव्हा पंधरा दिवस आपली चूल पेटवली, तिनं मधात टिनाचा पत्रा उभा केला. पुढं तिचा पोरगा तिले नागपूरले घेऊन गेला. रिक्षा निघाली तेव्हा तू दारामागं उभी राहून ऐकत होतीस, बाहेर आली नाहीस. माझ्या लग्नात तू मले टोपलीत एक तलंग, अंड्यावर यायची कोंबडी, घालून दिली अन् कानात म्हटलं, "कोंबड्या पाळ, पण बटई करू नको. माणूस उघडं पडते." मी ऐकलं. आख्खं आयुष्य शेजारी अंडं मागितलं नाही की दिलं नाही.

यंदा मागितलं. काळीच्या टोपलीपुढं दोन दिवस बसली, मग भिंतीवरून हाक मारली. बाईनं एवढंच विचारलं, "बटई?" मी म्हटलं हव. तिनं ओच्यातून अकरा अंडी आणली. विषम पाहिजेत, तूच सांगायची. कोळशानं एकेकावर खूण केली, टोपलीत राख अन् तणस घातलं. आठव्या दिवशी नातीच्या मोबाइलच्या उजेडात अंडी पाहिली; दहामध्ये लाल जाळं धरलेलं, एक कोरं. पोट्टी ओरडली, "दादी, हिल रहा है!" तिच्या बापानंही वाकून पाहिलं. त्या दिवसापासून स्कूटी रस्त्यावरच उभी करते.

परवा सकाळी दहाही निघाली. बाई पहाटेच बहिणीकडे भाटापाऱ्याले गेली होती, संध्याकाळी येणार होती. घरचे सगळे कामाले, शाळेले. दुपारी मी मडक्याच्या खापरात पाणी ठेवलं, कण्या टाकल्या अन् पाहत बसावं म्हणून पाट ओढून टेकली. पाटाखालून आवाज आला, चीं, एकदाच. उठून पाहते तर एक पिल्लू गेलेलं. पिवळं, मुठीएवढंही नाही.

माय, खरं सांगते, माझा हात आपोआप खुरप्याकडे गेला. पपईखालची माती भुसभुशीत आहे. दहा निघाली हे माझ्याबिगर कोणाले माहीत नव्हतं, नऊ म्हटलं असतं तर नऊच. आणि सांगितलं तर? मनात आलं, बाई म्हणेल म्हातारीनं पहिल्याच दिवशी मारलं, पुढं काय वाढवेल. अंडी बंद, कोंबडा बंद, भिंतीवरून हाक बंद. पोराले तर कारणच पाहिजे होतं. खुरपं हाती होतं अन् मी किती वेळ तशीच उभी होती कोण जाणे. मग खुरपं फेकलं, पिल्लू पदरात घेतलं अन् तिच्या फाटकाजवळ जाऊन बसली. दोन तास बसली. येणारे-जाणारे विचारत होते, चाबी हरवली का दादी. मी म्हटलं, अक्कल हरवली होती, सापडली.

ती आली, पिशवी खाली ठेवली, मी पदर उघडून दाखवला. म्हटलं, दहा होती, हे माझ्या पाटाखाली आलं, आता नऊ आहेत. तिनं पिल्लाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "एक ठन चियाँ बर अतेक मुँह लटकाए हस, दीदी? मैं सोचेंव घर मा कोनो मर गे." एका पिल्लापायी एवढं तोंड पाडलं, तिले वाटलं घरात कोणी मेलं. मग माझ्या हातातून पिल्लू घेऊन तिनंच पुरलं, अन् लगेच भांडायले लागली. नऊतली पाच मी घ्यावी, काहून तर अंड्यांवर कोंबडी माझी बसली, "तोर कुकरी बइठे हे." मी म्हटलं अंडी तुझी, पाच तुले. ती म्हणाली, तोर. आम्ही एवढ्या जोरानं भांडलो की समोरचा दुकानदार पाहायले आला. फैसला अजून झाला नाही. नववं पिल्लू दोघींचं आहे असं नात म्हणते, अन् तिनं त्याच्या पायाले लाल दोरा बांधला आहे.

आज रविवार. तुझा नातू सकाळपासून खुराड्याले जाळी ठोकून राहिला, तीही वाकडी. मी सांगितलं वाकडी आहे, तर म्हणते, "तो आप ठोक लो." म्हणजे खुराडा राहते.

हा कागद मी कुठं टाकू? तू गेलीस तिथला पत्ता कोणापाशी नाही. काळी पुन्हा खुडूक बसली की टोपलीच्या बुडाशी अंथरीन, कोरडा कागद उबीले बरा असते. पण त्याच्या आधी एक लिहून ठेवते, तोंडानं कधी निघालं नाही म्हणून. त्या दुपारी, काकू टोपली पाहून गेल्यावर, बादली घेऊन मागं सरकताना एक माझ्या पायाखाली आलं होतं. हातपंपाजवळ पुरलं. काकू खरं बोलत होती. नऊ होती, माय.