ह्यांच्या हातचा सात

मे १९७४, रविवार संध्याकाळ

सुटीला आलेला अरुण, सूनबाई आणि नात मंजू यांच्याबरोबर आज म्युझियमला गेले. ब्रह्मपुरीच्या खोदकामात निघालेली भांडी, मणी बघत चाललो होतो. एका कपाटात खापराचा तुकडा कुणीतरी उलटा ठेवलेला. पाठीवर शाईनं बारीक आकडा, आणि त्यातला सात लांब शेपटाचा! ह्यांचाच. खोदकामावर खापरं धुऊन नंबर घालायचं काम हेच करायचे. अरुण तेव्हा पाळण्यात होता.

मी काचेवर बोट टेकवलं.

"ओ बाई, हात लावायचा न्हाय!" पहारेकरी ओरडला.

"काय बघतेस गं एवढं?" अरुणनं दारातून विचारलं. मंजूला भूक लागली होती.

"काही नाही. खापर."

असं का म्हणाले मी? सांगितलं असतं तर आला असता का मागं? आला असता बहुतेक. नसता आला तर, याचीच भीती वाटली.

हे गेल्यावर घरात ह्यांच्या हातचा एक कागदसुद्धा उरला नाही. तिथं मात्र तो सात, शेपटासकट.

आत्ता वर साल लिहिताना तसाच काढून बघितला. माझाच आला.