बांधावरची वांगी आणि हरण्या

५ डिसें., मेहरूण, जळगाव
संशोधनाच्या पुरस्काराचं पत्र आल्यापासून फोन थांबेना. आज गावाहून नानाकाकांचा. रविवारी माझा सत्कार, माहेरी आबांच्या मळ्यात, भरीत पार्टीसकट. हसू आवरेना. शोध काय, तर केळीचा हरण्या रोग बांधावरच्या वांग्यांत दडून बसतो. वांग्याचं पान हिरवंगार, रोगाची खूण नाही. मावा, ही बारीक कीड, तिथला रस पिऊन उडतो आणि कोवळ्या केळीवर बसतो. मग पानावर पिवळे पट्टे, पोंगा, म्हणजे मधलं न उलगडलेलं पान, सडतो, झाड उपटून जाळायचं. आणि भरीत त्याच बांधावरच्या वांग्यांचं!

७ डिसें.
नाना पुन्हा. "बक्षीसनं सांग. वांगासनं नको काढू." घरोघर बांधाला वांगी, माणसं दुखावतील म्हणे. संशोधन केंद्रात सरांना सांगितलं तर तेही तेच, शाल घ्या, नारळ घ्या, परत या. म्हणजे शोध कपाटात आणि शाल अंगावर. इतकी वर्षं उन्हात मावा मोजत फिरले ती शालीसाठी? बोलणार. कुणाला काय वाटायचं ते वाटो.

१० डिसें., एरंडोलजवळ, माहेरी
आल्या आल्या आबांशी वाजलं. कांदेबाग, म्हणजे पावसाळ्यानंतर लावतात ती केळी, नुकतीच लागलेली, नाल्याकडच्या वावरात आणि रस्त्याकडच्याही. दोन्ही बांधांवर वांगी डवरलेली. म्हटलं, उपटा.
"तुना बक्षीसपाई मी मना वांगा उपटू?"
जेवतानाही मागे हटले नाहीत. मीही नाही. हा हेका माझ्यात कुठून आला ते आईला विचारावं लागत नाही.

११ डिसें., रविवार
झाला सत्कार. कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्यांवर वांगी भाजत होती, मळाभर वास. शाल, नारळ, नानांचं लांबलचक भाषण. मग मी. भरीत खा, पोटभर खा, पण वांगं केळीच्या बांधावर नको, लांब लावा. सगळं सांगितलं, एक शब्द गिळला नाही. मागून कुणीतरी, "आते भरीत बी बंद करशी का?" हशा. फार राग आला. तरी पंगतीत बसले, माझं भरताशी वैर नाही. वाढताना नाना माझं पान ओलांडून पुढे गेले. मग आबांनी वाढलं, दोनदा.

१२ डिसें.
सकाळी बघते तर रस्त्याकडची वांगी उपटून ढीग घातलेला! नाल्याकडची मात्र तशीच. आबा म्हणाले, "एक वावरमा वांगा ऱ्हातीन, एकमा नहीत. तुनं खरं व्हई तर दिसीच." हा तर माझ्याच पद्धतीचा प्रयोग. मी तरी दुसरं काय करत आले?
परतीच्या एस.टी.त तंद्री लागली, जळगाव आलं ते कळलंच नाही. लक्षात आलं ते हे: माझं खरं ठरायचं तर आबांची नाल्याकडची बाग जायला हवी.

१३ डिसें.
आबांना फोन केला. नाल्याकडचीही उपटा, मला पुरावा नको, माझ्याकडे ढीगभर आहे.
"तुले नको. गावले पाहिजे."
त्यांनी फोन ठेवला.

२९ जाने., माहेरी
नाल्याकडे एका कोवळ्या पानावर पिवळट रेघ. रस्त्याकडे अजून काही नाही. आबा म्हणतात, "थंडीनं शे." असेलही, थंडीतही पान पिवळं पडतं. नाना येऊन, पान उलटून बघून गेले. पान कापलं, प्रयोगशाळेत न्यायला. पिशवी आबांनीच धरली.
मी चुकलेले नाही. निकाल काही येवो, हे इथे लिहून ठेवते. आई म्हणाली, जाता जाता पद्मालयाला गणपतीपुढे नारळ फोड. फोडीन की. पण मागू काय?