दाराने धावायचं नसतं

आदरणीय रॉइस मामा यांस, ओडेलचा नमस्कार.

रविवारी तुम्ही माझं बोलणं अर्धवट तोडून फोन ठेवलात, म्हणून माझं म्हणणं खोटं ठरत नाही. दहावीत शाळा सोडलेल्या पोराने कॉलेजच्या कोचला बचाव शिकवू नये, हे तुमचं वाक्य मी मुकाट्याने पूर्ण ऐकलं होतं. त्यापुढचं माझं वाक्य तुम्ही ऐकलं नाहीत, ते आता कागदावरून, मामी वाचून दाखवेल तसं ऐका. आणि वेव्हर्ली शाळेविरुद्धचा तो फुटबॉलचा सामना पुन्हा उकरून काढलात हेही बरं केलं नाहीत. तुम्ही आमच्या शाळेचे कोच होतात त्याला चार वर्षं झाली. मी माझी जागा सोडली नव्हती, मला ढकललं होतं, शिवाय सूर्य डोळ्यांवर होता. (सामना रात्री आठला होता असं तुम्ही म्हणता. असेल. मग दिवे डोळ्यांवर होते.)

बाकी तुमचा गुडघा कसा आहे? मामीचं रक्तदाबाचं औषध चालू आहे ना, की सामन्याच्या दिवशी घेत नाही कारण त्याने झोप येते? म्हातारा कुत्रा अजून पोर्चच्या त्याच पायरीवर निजतो का? इथे मोंटानात सगळं ठीक. बर्फ पडायला लागलंय, आणि इथल्या लोकांना ग्रिट्स, आपली जॉर्जियाची मक्याची लापशी, म्हणजे काय ते ठाऊक नाही. मागच्या आठवड्यात मी स्वतः शिजवून वाढले, तर आमच्या गुरांच्या रँचचे मालक स्टेनरुड यांनी एक घास खाऊन विचारलं, भिंतीला लावायचं ते हेच का. उपाशी माणसाची मतं मी मनावर घेत नाही.

तर मुद्द्याचं. मामीचं पत्र आलंय. कॉलेजचे प्रेसिडेंट स्वतः पेकन घातलेली गोड पाई घेऊन घरी आले होते, अर्धा तास हवापाण्यावर बोलले आणि तुमच्या पाठीवर हात ठेवून गेले, असं तिने लिहिलंय. मामा, मी हार्लन क्रीकमध्येच वाढलोय. आधीच्या कोचकडे त्यांनी पीचची पाई आणली होती आणि ती संपायच्या आत त्या माणसाचं सामान ट्रकमध्ये चढलं होतं. या शनिवारी सुट्टी आहे. पुढच्या शनिवारी डंबार्टनशी शेवटचा सामना. त्यातही समोरचा संघ असाच आपल्यामधून पळत गेला तर तुमच्या जागी दुसरा माणूस येणार, हे आता कुत्रा सोडून सगळ्यांना कळलंय.

मागचा सामना मी ट्रकमध्ये बसून फोनवर ऐकला. (टेकडीच्या माथ्यावर ट्रक नेला तरच आवाज येतो, तोही खाली उतरायच्या बाजूला तोंड केलं तर.) पळून पळून तीनशे बारा यार्ड घेतले त्यांनी. चेंडू फेकायची तसदीच घेतली नाही. एका पोराच्या पोटाशी चेंडू द्यायचा आणि त्याने आपल्या 'खेचरं' संघामधून असं जायचं, जसं कोणी रविवारी चर्चमध्ये उशिरा येऊन रांगेतून वाट काढतं. तिसऱ्या सत्रात तर समालोचक खेळ सोडून उकडलेल्या शेंगांबद्दल बोलत होता. आता गावात याची कारणं काय सांगतात तेही मामीने कळवलंय. न्हावी म्हणतो पोरं बारीक आहेत. पाद्री म्हणतात शुक्रवारी रात्री जागतात. मामी म्हणते बूट नवे आहेत, चावतात. मामा, पोरं बारीक नाहीत. मी फोटोत पाहिलीत, दोघं तर फोटोत मावत नाहीत.

खरं कारण मला गुरांनी शिकवलं. हसू नका. (मामी, ते हसत असतील तर थांब, हसून झालं की पुढे वाच. आणि हा परिच्छेद गाळू नकोस.) इथे थंडी पडायच्या आधी वासरं गाईंपासून वेगळी करतात. लांब अरुंद बोळ असतो, त्यातून सगळा कळप येतो. बोळाच्या तोंडाशी एक फाटक, आणि फाटकावर एक माणूस. वासरू आलं की फाटक उघडून आत घ्यायचं, गाय आली की बंद करून पुढे जाऊ द्यायची. एवढंच काम. पहिल्याच दिवशी ते मला दिलं, कारण बाकीच्या सगळ्या कामांना घोडा लागतो आणि घोड्याचं नि माझं जमलं नव्हतं. तासभर बरं चाललं. मग एक दांडगं, पांढऱ्या तोंडाचं वासरू माझ्या बाजूने निसटलं. मला वाटलं, आता दाखवू जॉर्जियाचा माणूस काय चीज आहे. फाटक सोडून मी त्याच्यामागे धावलो, शंभर पावलांवर गाठलं, मानेला मिठी मारून चिखलात पाडलं, आणि कोणी टाळ्या वाजवतंय का म्हणून मागे पाहिलं. मागे फाटक सताड उघडं होतं आणि चाळीस गाई त्यातून वासरांच्या वाड्यात घुसून, पलीकडचं कुंपण मोडून चर्चच्या दिशेने चालल्या होत्या. चर्चमध्ये त्या दिवशी सुगीचं जेवण होतं. टेबलं अंगणात मांडलेली. भोपळे, पाव, कोबीची कोशिंबीर. कोशिंबिरीचं पुढे काय झालं ते मी लिहीत नाही, पाद्रीणबाईंनी मला अजून माफ केलेलं नाही.

स्टेनरुड दिवसभर एक शब्द बोलले नाहीत. (ते एरवीही बोलत नाहीत, पण त्या दिवशीचं न बोलणं वेगळं होतं.) संध्याकाळी म्हणाले, "तुझं काम काय होतं?" मी म्हटलं, वासरू पकडणं, आणि पकडलं की मी. ते म्हणाले, "नाही पोरा. तू दार होतास. धावणारं दार पाहिलंयस कधी?"

मामा, मी ट्रकमध्ये बसून ऐकत होतो ना, तेव्हा समालोचक दर वेळी म्हणत होता, तीन खेचरं चेंडूवर तुटून पडली, पण धावणारा वळला आणि मोकळ्या जागेतून गेला. दर वेळी. मग मी मामीने पाठवलेला संघाचा फोटो काढला आणि हेल्मेटांवरचे स्टिकर मोजले. एकेकावर खेचराच्या नालेचे वीस-वीस. तुमचीच युक्ती ती: जो धावणाऱ्याला पाडेल त्याच्या हेल्मेटवर एक नाल. (पाच हजार स्वस्तात मिळाले म्हणून मामीने घेतले, ते मला माहीत आहे, तिचा दोष नाही.) आता पुढच्या सात पोरांतल्या प्रत्येकाला आपापली खिंड, म्हणजे दोन माणसांमधली मोकळी जागा, सांभाळायला दिलेली. पण खिंडीत उभं राहणाऱ्याला नाल मिळत नाही, चेंडूमागे धावणाऱ्याला मिळते. मग उभं कोण राहील? चेंडू डावीकडे दिसला की सातही जण नालेसाठी डावीकडे. तो पोरगा उजवीकडून फिरतो आणि थेट आपल्या घरात. तुमचा बचाव दुबळा नाही, मामा. तुमची सगळी दारं धावतायत.

आणि हे बारा दिवसांत सुटण्यासारखं आहे. दार उभं कसं राहतं ते मी एका दिवसात शिकलो, आणि माझं डोकं तुम्हाला ठाऊक आहे. डंबार्टनविरुद्ध नाल पाडणाऱ्याला देऊ नका. ज्याच्या खिंडीतून कोणी गेलं नाही, त्याला द्या. दोन दिवस पोरं रुसतील. तिसऱ्या दिवशी उभी राहतील. राहतीलच.

मामीला नमस्कार, कुत्र्याच्या पाठीवरून हात.

तुमचा भाचा,
ओडेल

ता. क. त्याच फोटोत शेवटच्या रांगेत एक हेल्मेट अगदी कोरं आहे, एकही नाल नाही. ते आपल्या टेरेलचं. चार सामने त्याला तुम्ही बाकावर बसवलंय, कारण तो कोणाला पाडत नाही. माझा धाकटा भाऊ म्हणून सांगत नाही, पण तो खेळत होता तेव्हाचे सामने आठवा. मधल्या खिंडीतून कोण गेलं होतं? परवा त्याने फोनवर विचारलं, तिकडे मोंटानात काम मिळेल का. मी म्हटलं, नाही. (मिळेल. इथे माणसं हवीच आहेत.) घरातून पळालेला एक पुरे. हे सगळं पत्र खरं तर त्याच्यासाठीच लिहिलं: पुढच्या शनिवारी त्याला मध्ये उभा करा. मी लिहिलंय हे त्याला सांगू नका.

आणखी एक. वेव्हर्लीच्या सामन्यात मला कोणी ढकललं नव्हतं. दिवेही डोळ्यांवर नव्हते. मला चेंडू दिसला आणि मी धावलो. हे मामीने मोठ्याने वाचलं नाही तरी चालेल.

शेवटचं. नालेचे नवे स्टिकर वेगळ्या रंगाचे घ्या, म्हणजे जुन्यात मिसळणार नाहीत. त्यासाठी पाकिटात पैसे ठेवलेत. ज्या ज्या दिवशी मी फाटक सोडलं नाही, त्या त्या दिवशी संध्याकाळी स्टेनरुड न बोलता माझ्या हातात एक डॉलर ठेवायचे. काम सत्तावीस दिवस चाललं. पाठवतोय, सव्वीस डॉलर.