उसना बाप

१० एप्रिल २०१६

— आणि मणिकाकांनी पेन मास्तरांच्या हातात परत ठेवलं. टोपण लावून. सही केलीच नाही.

हरिपद मास्तर मतदार यादीचं काम बघतात. गळ्याचा घाम पुसत म्हणाले, "अधिकारीबाबू," — मणिकाकांचं आडनाव अधिकारी — "एकच ओळ लिहायचीय. फुलेश्वरी ही माझी मुलगी नाही. खरं तेच तर आहे!"

"खरं असेल. मी नाही लिहिणार."

"पण का?"

"हिला शाळेत घातली तेव्हा हेडमास्तरांच्या तोंडावर म्हटलं, मुलगी माझी. आता म्हणू, नाही? मी माणूस आहे का सरकार?"

काकांचा मुलगा बिधान दारात उभा होता. म्हणाला, "बाबांच्या डोक्यात छीट आहे!" आणि मग माझ्याकडे बघून गप्प झाला. आमच्याकडे अर्धवट माणसाला असंच म्हणतात. आणि मी तर छिटातलीच.

मास्तर मला बाहेर सोडायला आले. हळूच बोलले. दोन याद्यांत नाव असणं गुन्हा आहे. पाच मेला जिथे मत देशील ते तुझं नाव. दुसरं काढावंच लागेल. आणि काकांकडचं काढायचं तर त्यांचा शब्द लागेल. नाहीतर केस — तुझ्यावर, त्यांच्यावरही.

बांधावरून परत आले. दोन शेतं, एक बांबूचं बेट, मग तो आकडा कोरलेला दगडी खांब. त्यावर कोंबडी बसली होती. चहूकडून भारत, आणि खांबाच्या आत चिमूटभर दुसरा देश — तो आमचा छीट. त्या दुसऱ्या देशातून आमच्याकडे कधी कोणी आलं नाही. गेल्या वर्षी दोन्ही सरकारांनी असल्या तुकड्यांची अदलाबदल केली. आम्ही जागचे हललो नाही, देश बदलला. खांब काढायचं मात्र कोणाला सुचलं नाही.

कोंबडीला हुसकलं. ती भारतात उतरली. दोन्हीकडे भारतच आहे आता!


११ एप्रिल

बाबा दिव्याचं बटण दाबतात, बंद करतात, पुन्हा दाबतात. भर दुपारी. वीज येऊन महिना झाला. "सवय हवी," म्हणाले. "तिथे हात थरथरायला नको." सत्तरीत पहिलं मत देणार आहेत.


१२ एप्रिल

उसना बाप. बाजारात हे बोललं तर लोक हसतील. आमच्याकडे रोजचा शब्द आहे. मीठ उसनं, बैल उसना, तसा बाप. छिटातल्या पोराला शाळेत घ्यायचं तर भारतातला बाप हवा. बाईला दवाखान्यात बाळंत व्हायचं तर भारतातला नवरा. खेंती पिशी — बाबांची बहीण — उसन्या नवऱ्याच्या नावावर बाळंत झाली. अजून सांगते, "वाईट नव्हता गं. तंबाखू फार खायचा तेवढंच. घरातल्यापेक्षा दिसायला बरा!"

माझ्यासाठी मणिकाका आले. बाबांचे हाटातले दोस्त. दोघं एकाच गोणपाटावर बसून तंबाखू विकायचे. निकालाच्या दिवशी मणिकाका आत बाकावर बसायचे. बाबा फाटकाबाहेर, त्यांची सायकल धरून. एकदा बाई म्हणाल्या, अधिकारीबाबू, मुलगी भाषेत पुढे जाईल हो. काकांनी मान डोलावली. बाहेर येऊन बाबांना शब्द न् शब्द सांगितला, बाईंच्या आवाजात. बाबांनी सायकलची घंटी वाजवली. उगीचच.

पुढे कॉलेज, एम. ए. सगळीकडे फुलेश्वरी अधिकारी. मतदार ओळखपत्रही त्यांच्याच घरचं. दोनदा मत दिलं त्या नावानं. आता नागरिक झालो तेव्हा सरकारनं छिटाची नवी यादी केली. तिच्यात फुलेश्वरी बर्मन. वडील धनबर बर्मन.

दोन्ही मी. दोन्ही छापील.

अधिकारी सोडलं तर शाळेतली नोकरी मिळायची ती कुठल्या प्रमाणपत्रांवर? बर्मन सोडलं तर —




१४ एप्रिल

वैशाखाचा पहिला दिवस, नवं साल. दर वर्षीप्रमाणे मणिकाकांना धोतर नेलं. बाबांनीच विणकराकडून आणलेलं, जांभळ्या काठाचं. काकांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. यादीचं कोणी बोललं नाही. काकू दही-पोहे घेऊन आल्या, गूळ जास्त घातला होता.

घरी पिशी वाट बघत होती. "एका बापाचं धोतर दिलंस, दुसऱ्याचं काय? आणि नवऱ्याचं कधी?"

"नवराही उसना आणू का?"

"आण बाई! तिशीला आलीस. पूर्वी म्हणायचे, मुलगी कुठल्या देशात द्यायची. आता देश मिळाला तर म्हणतात, बाप कुठला."

बाबा हसले नाहीत. उठून गाईकडे गेले.


१८ एप्रिल

आज उमेदवार आले. एका दिवसात तिघं! धूळ उडवत जीप, मागे भोंगा. आमच्याकडे मत मागायला जन्मात कोणी आलं नव्हतं. बायका नवरदेव बघावा तशा बघत होत्या. एकानं पिशीच्या पायाला हात लावला. ती दचकून मागे सरकली. "अरे, तुझी चप्पल हरवली का?"

दुसरा म्हणाला, पूल देऊ. तिसरा म्हणाला, पूल देऊ. पिशीनं विचारलं, "नदी कोणती?" आमच्याकडे नदी नाही.


२१ एप्रिल

दुपारी डोळा लागला. स्वप्नात शाळेचं पटांगण होतं, पण त्यात पाणी. घोट्याएवढं, स्वच्छ. पाण्यात मुलांच्या रांगा. कोणीतरी नाव पुकारलं — फुलेश्वरी. आडनाव नाही. दोन मुली उठल्या. एकीची रिबीन लाल, दुसरीला रिबीनच नाही. दोघी माझ्याकडे बघत राहिल्या, तू का उठली नाहीस, अशा.

जाग आली तर छपराखाली टांगलेली तंबाखूची पानं वाऱ्यानं हलत होती. सोनेरी, सुरकुतलेली. तो गोड कडवट वास. बराच वेळ कळेना, मी कोणत्या देशात झोपले होते.


२२ एप्रिल

काही नाही. ऊन. पोपट.


२६ एप्रिल

बिधान आला. अंगणात उभ्याउभ्याच बोलला.

"फुलती, तू समजदार आहेस. बाबांना सांग, सही करा."

"मी सांगितलं तर करतील?"

"तुझंच ऐकतील! आमचं ऐकतात का ते?" मग आवाज खाली आणला. "आता तू भारताची झालीस. उद्या कागद दाखवून म्हणालीस, मी मुलगी, जमिनीत वाटा द्या —"

मला हसू आलं. ते त्याला आवडलं नाही.

"हसू नको. मी काही तसं म्हणत नाही. बायको म्हणते."

बाबा आतून ऐकत होते. बाहेर आले, बिधानला पाट दिला, पाणी दिलं. म्हणाले, "तुझ्या बापाच्या जमिनीला हिनं एकदाच हात लावलाय. तू विहिरीत पडलास तेव्हा दोर धरायला. बस. भात खाऊन जा."

बसला. खाल्लं. सिदोलची — सुक्या मासळीची — चटणी दोनदा मागून घेतली.


२९ एप्रिल

मणिकाकांकडे गेले. पडवीत एकटेच होते. डोळ्यांत मोतीबिंदू वाढलाय. पावलांवरून ओळखतात.

म्हटलं, "काका, लिहून द्या. मला वाईट वाटणार नाही."

"तुला नाही वाटणार. मला वाटेल."

"केस झाली तर?"

"होऊ दे. जज विचारेल, मुलगी खरी का खोटी. मी म्हणेन, साहेब, तुम्ही मला फक्त इतकं सांगा, हिला गोवर आला तेव्हा मी जागलो ते खरं का खोटं?"

चिंचेखाली कबुतरं टिपत होती. दुपार अशी शांत, की आपण फार पूर्वी होऊन गेलोय आणि कोणीतरी आपल्याला आठवतंय, असं वाटावं.

"तू मत धनबरकडेच दे," एकदम म्हणाले. "त्याच्या बाजूनं. त्यानं खूप वर्षं सायकल धरली."

"आणि तुमच्याकडचं नाव?"

"ते माझं मी बघेन. पण ‘नाही’ हा शब्द लिहिणार नाही. तेवढं मास्तरांना सांग."

"त्या शब्दाशिवाय निघत नाही ते."

"मग राहू दे!"

परत येताना रडू आलं नाही. यायला हवं होतं बहुतेक.


२ मे

पहाटे वादळ होऊन गेलं. केळी आडव्या झाल्या. बाबा त्यांना टेकू देत होते. मी मागे उभी आहे हे त्यांना माहीत नव्हतं. स्वतःशीच बोलत होते, हळू, साहेबी आवाजात —

"फुलेश्वरी बर्मन. पिता धनबर बर्मन."

थांबले. पुन्हा म्हणाले, जरा मोठ्यानं. मग खोकले.

मी चुलीकडे परत गेले. भांडं मुद्दाम वाजवलं.


४ मे

बाबांनी काहीच विचारलं नाही. गेला महिनाभर विचारलं नाही. संध्याकाळी नवा सदरा उशीखाली घडी करून ठेवला, इस्त्रीसाठी. मला म्हणाले, "उद्या तुला तिकडे जायचं असेल तर लवकर नीघ. ऊन होईल."

तिकडे म्हणजे खांबापलीकडच्या शाळेत, मणिकाकांकडच्या नावानं मत द्यायला. ते वाक्य त्यांनी किती दिवस घासून गुळगुळीत केलं असेल!

मी म्हटलं, "झोपा तुम्ही."

सगळी प्रमाणपत्रं कपाटातून काढली, बघितली, परत ठेवली. त्यांच्यावरचं नाव माझं आहे. अभ्यास मीच केला. नोकरीच्या वेळी काय व्हायचं ते होईल. एका वकिलांना विचारलं होतं. म्हणाले, प्रतिज्ञापत्र करता येतं, पण वर्षं लागतात. लागोत. आमच्याकडे वर्षं भरपूर. देशाचीच वाट इतकी बघितली.

पण मणिकाका. केस.


५ मे

नव्या पत्र्याच्या शेडमध्ये मतदान. छिटातलं पहिलं. बायका लग्नाला जावं तशा आल्या. पिशीनं अत्तर लावलं होतं. शिपायानं हटकलं, "आजी, कुठे निघालात?" "दिल्लीला," पिशी म्हणाली.

पुरुषांची रांग वेगळी, बायकांची वेगळी. एक बाई, एक पुरुष, असे आत सोडत होते. माझ्या मागोमाग बाबांचा नंबर लागला. योगायोग — किंवा बाबांनी दोघातिघांना पुढे जाऊ दिलं असेल.

मतदान अधिकाऱ्यानं यादीत बोट ठेवलं. "फुलेश्वरी बर्मन."

बाकावरचा एजंट म्हणाला, "कुठली? फुलेश्वरी बर्मन दोन आहेत गावात."

"पिता धनबर बर्मन," अधिकाऱ्यानं वाचलं. मोठ्यानं. रुक्ष आवाजात, किराणा वाचावा तसं.

"हो!" मागून बाबा म्हणाले.

"आजोबा, तुमचा नंबर अजून आला नाही."

"माहीत आहे. पण नाव माझं घेतलंत ना?"

सगळे हसले. शिपाईसुद्धा. मी मागे वळून बघितलं नाही. शाई लावून घेतली. थंड लागली. पुठ्ठ्याच्या आडोशाला गेले, बटण दाबलं, लांब शिटी वाजली. पत्र्याच्या छपरावर कावळे चालत होते, त्यांची नखं ऐकू येत होती. इतकंच. इतकंच असतं ते.

बाबा बाहेर आले ते बोट वर धरून. घरापर्यंत तसंच. वाटेत भेटेल त्याला सांगत होते, "वाचलं हो. सगळ्यांसमोर."

खांबाजवळ मी थांबले. पलीकडे, शेतांच्या टोकाला, ती शाळा उन्हात तरंगत होती. तिथेही कोणीतरी यादीवर बोट फिरवत असेल. फुलेश्वरी अधिकारी. तिच्या नावापुढे काही खूण नाही. पटांगण रिकामं. कोणी उठलं नाही.

तिची दया आली. हाक मारावीशी वाटली.


६ मे

सकाळी मणिकाका बिधानचा हात धरून हरिपद मास्तरांकडे गेले आणि आपल्या घरातून माझं नाव काढा म्हणून लिहून दिलं. ‘नाही’ हा शब्द कुठे नाही. कारण: मुलगी सासरी गेली.

तिथून सरळ आमच्या दारात आले. हातात दह्याचं मडकं. बाबा आत होते. काकांनी हाक मारली —

"व्याही, आहात का घरात?"