साकवाअलीकडचा ओंडका

१ ऑगस्ट १९८४

वाटेवर पडलेला ओंडका जीपने ओढताना साखळी तुटली! सुटलेलं टोक सदूच्या नडगीवर बसलं. हाड दिसत होतं. तरी ओंडका काढलाच. या पावसात हा अकरावा. वाडीपासून पालीच्या सडकेपर्यंतची वाट मन्सूर, सदू नि मी मोकळी ठेवतो — जीपा दोन, माणसं तीन. बाकी गाव ओट्यावर बसून 'पंचायत करंल' म्हणतं. करंल डोंबल!

मन्सूरला घाई आहे. शरीफाला नववा लागलाय. पहिलं मूल वाट बंद म्हणूनच दगावलं.

५ ऑगस्ट

ओढ्यावरच्या साकवाच्या अलीकडे ओंडका. हा पडलेला नाही, आणून टाकलेला! वर तांबडं फडकं बांधलेलं. सदू लंगडत मागे सरला. "करणी केलान कोनतरी!"

कोणीतरी कशाला? साकवाच्या खालच्या अंगाला रघूचं शेत. बांधावरून दोन वर्षं आमचं बोलणं बंद. जीपांनी बांध ढासळतो म्हणून गावभर बोंबलत असतो. आम्हाला घाबरवतो काय? फडकं टरकावून ओढ्यात फेकलं. ओंडका कडेला लोटला.

६ ऑगस्ट

परत ओंडका. परत फडकं. आता सोडत नाही.

७ ऑगस्ट

आज धरला — ओंडका ढकलताना! मन्सूर म्हणत होता, "भिकाजी, आधी इचार तरी त्याला." विचारायचं काय? रघूनेच तोंड उघडलं, दोन वर्षांनी पहिल्यांदा. "भिका, ऐक, फुडं—"

पुढचं मी ऐकलंच नाही. हातात जॅकचा दांडा होता. जबड्यावर घातला. काटकी मोडावी तसा आवाज आला. खाली पाडून लाथा घातल्या. दात चिखलात पडले. मन्सूरने कमरेला मिठी मारून ओढलं नसतं तर मेलाच असता.

दांडा ओढ्यात धुऊन टाकला. खोटं कशाला लिहू — बरं वाटलं.

८ ऑगस्ट

रघूला डोलीतून सडकेवर नेला, तिथून रत्नागिरीला. मन्सूर जीप घेऊन गेला होता, हा बसायलाच तयार नाही. जबडा बांधलेला, बोलता येत नाही. मला बघून हातवारे करत होता. शिव्याच असणार!

१२ ऑगस्ट

पाच दिवस ओंडका नाही. औषध लागू पडलं!

१३ ऑगस्ट

सकाळी शरीफाच्या कळा सुरू झाल्या. माझ्या जीपला टप आहे म्हणून ती नि तिची सासू माझ्याकडे. मन्सूर त्याची जीप घेऊन पुढे, वाट मोकळी आहे का बघायला; सदू माझ्यासोबत.

साकव मधोमध मोडला. त्याची जीप उलटी ओढ्यात. स्टिअरिंग छातीत रुतलेलं. मी नि सदूने ओढून काढला, तर मान हातात राहीना. पाणी लाल. वरून शरीफा विचारत होती, "भाई, थांबलाव कशाला?"

मुलगी झाली. तिथेच, जीपेत.

१४ ऑगस्ट

मन्सूरला माती देऊन साकवावर गेलो. रघूच्या शेतात उतरून वर पाहिलं. साकवाच्या पायाचे दगड कधीचे वाहून गेलेत. वाटेवरून हे दिसत नाही.

आणखी कोणी गाडी घालू नये म्हणून सदूने नि मी तोच ओंडका ओढून आडवा टाकला. लांबून दिसायला हवा. तांबडं फडकं मी बांधलं.